हिरवा आकडा

टँकरवाल्याने फवाऱ्याचं तोंड पुन्हा एकदा मशीनच्या डोक्यावर धरलं आणि मागे उभ्या असलेल्या मुकादमाने समाधानाने मान डोलावली. हवा मोजायचं मशीन होतं ते, चौकाच्या कडेला जाळीच्या कुंपणात बसवलेलं. त्याच्याभोवतीची झाडं, भिंत, रस्ता, सगळं सकाळपासून न्हाऊन निघालं होतं. धूळ खाली बसली की मशीनला हवा चांगली वाटायची आणि चौकातल्या मोठ्या बोर्डावरचा आकडा हिरवा व्हायचा. बाकीचं शहर धुरात गुदमरून मेलं तरी चालेल, एवढा कोपरा तेवढा ओला राहिला म्हणजे झालं!

"उतरला बघ आकडा," मुकादम म्हणाला. "वरचे खूश होतील. असाच चालू ठेव."

टँकरवाल्याने फवारा तसाच धरून ठेवला. सांगितलेलं काम निमूट करायची त्याला सवय होती. तोंडावरचा रुमाल त्याने वर ओढला, आणि तेवढ्यात समोरून बाप येताना दिसला.

म्हातारा काठी टेकत रमतगमत येत होता. नाकावर फडकं नाही, काही नाही. छातीच्या दुखण्यापायी सगळा हिवाळा बंद खिडक्यांच्या खोलीत काढलेला माणूस! डॉक्टरांनी सुनेला बजावलं होतं, बोर्ड लाल असेल तर यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. हिरवा असेल त्या दिवशी खुशाल फिरू दे.

"बाबा! तुम्ही इथे कसे?"

"कसा म्हणजे? पायांनी!" म्हातारा भलताच खुशीत होता. "सूनबाई म्हणाली, बोर्ड हिरवा झालाय, या फिरून. म्हटलं, पोराचं काम तरी बघावं एकदा. हवा धुतोस म्हणे तू!" आपल्याच बोलण्यावर तो हसला आणि हसता हसता त्याला ढास लागली. काठीवर वाकून तो बराच वेळ खोकत राहिला.

"घरी जा बाबा. आत्ताच्या आत्ता. हवा चांगली नाहीये."

"हिरवा आहे की बोर्ड!"

टँकरवाल्याने मुकादमाकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "खोटा आहे तो. मीच मशीनवर पाणी मारतोय, म्हणून हिरवा आहे."

 म्हातारा भडकला. "इतके दिवस कोंडून घातलंत, आता कुठे चार पावलं टाकतोय, तर तेही खुपतं तुमच्या डोळ्यांत! मशीन कशाला रे खोटं बोलेल? त्याला काय बायकापोरं पोसायचीत?"

मुकादमाच्या कानावर तेवढं गेलंच. तो मोठ्याने हसला. "लाख बोललात आजोबा! चेष्टा करतोय तुमची. जा, पुलापर्यंत जाऊन या निवांत."

टँकरवाल्याने मान खाली घालून फवारा पुन्हा मशीनकडे वळवला. त्याची त्यालाच लाज वाटली. म्हातारा बोर्डाखालून तरातरा पुढे निघून गेला. आता हाका मारून उपयोग नव्हता. तो मुलाचं ऐकणार नव्हता, ऐकलं तर बोर्डाचं.

टँकरवाल्याने पाणी बंद केलं.

"ए, काय झालं?"

"काही नाही. बंद केलंय."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आकडा चढला तर उद्यापासून घरी बसशील!"

"बसतो घरी," टँकरवाला म्हणाला आणि गाडीची किल्ली त्याने खिशात घातली.

मुकादमाने शिव्या दिल्या, मग गयावया केली, मग फोन लावला. रस्ता वाळायला लागला. लागोपाठ ट्रक गेले आणि सकाळपासून दाबून बसवलेली धूळ उठली. टँकरवाला बोर्डाकडे टक लावून उभा होता. हो की रे लाल, हो की बाबा एकदाचा, असं तो मनातल्या मनात विनवत होता. असली विनवणी त्याने कधी देवालाही केली नव्हती.

अखेर बोर्ड लाल झाला. चौकातल्या बायकांनी पदर, ओढण्या नाकाला लावल्या. चहावाल्याने दुधावर झाकण ठेवलं. पोरांना दंडाला धरून आया घराकडे वळल्या.

"बाबा, बोर्ड बघा! मागे वळा!" टँकरवाला ओरडत धावत सुटला. ट्रकांच्या घरघराटात त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हता.

पार तिकडे, पुलाच्या मधोमध, म्हातारा बोर्डाकडे पाठ करून उभा होता. काठी कठड्याला टेकवून, दोन्ही हात पसरून, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे तो छाती भरभरून श्वास घेत होता.