दुसरं विलेमस्टाड

कॅरिबियन बेटावरच्या विलेमस्टाड बंदरात क्रूझने जाऊन उतरायचं, ही शैलाताईंची फार जुनी हौस. दामोदरपंत दर वेळी पुस्तकातून डोकं वर काढून म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." मग करोना आला आणि बोटी थांबल्या. त्या पुन्हा सुरू होईपर्यंत त्याच आजारानं ताईंची फुप्फुसं इतकी खचवली, की डॉक्टरांनी लांबचा प्रवास कायमचा बंद केला.

अपराधी मनानं पंतांनी त्यांना रायस्वाइकच्या घरून गाडीनं त्याच नावाच्या दुसऱ्या गावी नेलं, इथलंच, नेदरलँड्समधलं, ब्रेडा शहराच्या अलीकडचं. इवलंसं बंदर, चार होड्या, बोचरा वारा.

"माफ कर गं, मला एवढंच जमलं," ते पुटपुटले.

तेवढ्यात नागपूरहून ताईंच्या बहिणीचा फोन आला. तो स्पीकरवर होता. "काय गं, भावजींनी नेलं का बेटावर, की अजून पुस्तकातच फिरवतायत?"

पंतांची मान आणखी खाली गेली.

 

शैलाताईंनी काकडत स्वेटरचं वरचं बटण लावलं आणि त्या म्हणाल्या, "अगं, विलेमस्टाडलाच आलोय आम्ही. काय उकडतंय बाई इथे!"