पडद्यामागची सातवी फेरी

मंडळाच्या नृत्यनाटिकेत वीराचा प्रवास स्वस्तात उरके. पडद्यामागून एक फेरी मारली, की एक देश ओलांडला. फेरीला आठ मात्रा. पडद्याला लागूनच भिंत होती, त्यामुळे देश तिरकं चालून ओलांडावे लागत. वीर घरी पोचेपर्यंत गाणं थांबवायचं नाही, हा नियम दिगंबरचाच.

बंगळूरच्या हॉलमध्ये, अठ्ठावन्न सालच्या एका रविवारी दुपारी, वत्सला गात होती. तिचा नवरा दिगंबर, एरवी सरकारी कारखान्यातला इंजिनिअर, इथे वीर, सातव्या फेरीला पडद्यामागे गेला. आठ मात्रा झाल्या, सोळा झाल्या. घुंगरं वाजत होती, पण दूर दूर जात.

"गात राहा, अक्का," मृदंगावरचे गुंडूअण्णा पुटपुटले. "स्वल्प लांबलंय."

मग दिगंबर बाहेर आला, घामेजलेला, हसरा. टाळ्या पडल्या. तो तिच्यासमोर नाचू लागला. पायांतली घुंगरं उडत होती, पण वाजत नव्हती.

वाजत होती ती भिंतीपलीकडे. आता ती परतत होती, दमल्या पावलांनी, तिच्या आवाजाच्या रोखाने.

दिगंबर वाकून कुजबुजला, "थांबव की आता. आलोय ना मी?"

वत्सलाने तीच ओळ पुन्हा उचलली. तसंच हसत त्याने हात तिच्या तोंडाकडे आणला.