आमच्याकडे कुणाला नाही

गुन्हेगार ते आधीचे मोठे डॉक्टर. मुलीची पाळी तिशीच्या आत बंद पडली, तर त्यांनी आईला विचारलं, मावशीला विचारलं, मेलेल्या आजीपर्यंत सगळं आजोळ उकरलं; बापाला मात्र एक शब्द विचारला नाही. बाईचं दुखणं बाईकडूनच येणार, एवढ्याशा शहाणपणावर त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि एका आईला स्वतःच्याच घरात मान वर करणं मुश्कील करून ठेवलं.

आज डॉक्टरीण नवी होती. खोली लहान. खुर्च्यांवर मुलगी, आई आणि बाप. आत्या दाराशी स्टुलावर, मांडीवर डब्याची पिशवी. तिला कुणी आत ये म्हटलं नव्हतं, उन्हात उभं राहवेना म्हणून ती टेकली होती. घरात तिचं काम डबे, धुणं आणि गप्प बसणं. तिन्हीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"वडिलांच्या बाजूला कुणाला असा त्रास?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमच्याकडे कुणाला नाही," बाप म्हणाला. "आमच्या बायका ठणठणीत. हे सगळं हिच्या माहेरचं."

आई भिंतीकडे बघत राहिली. उत्तरं देऊन देऊन तिची उत्तरं संपली होती. आत्या पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती, सोडत होती.

बापानं पाण्याचा ग्लास उचलला. हात असा कापला की अर्धं पाणी शर्टावर.

"हात कधीपासून कापतो?"

"जन्म लेथवर गेला, मॅडम. मशीन थांबलं, पण हात काही थांबायला तयार नाही."

तो हसला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आईंच्या रक्तात काही नाही, ते स्वच्छ आहे. मुलीच्या रक्तात एका जनुकात फरक सापडलाय. हा फरक बापाकडे असला तर त्याच्या प्रत्येक मुलीत उतरतो. बाईची पाळी त्यानं लवकर जाऊ शकते. पुरुषाला कळतसुद्धा नाही. फार तर उतारवयात हात कापायला लागतात. तुमचं रक्त तपासायला हवं. आणि धाकट्या मुलीचंही, आत्ताच. तिच्या हातात अजून वेळ आहे, काही करता येईल. म्हणून नीट आठवून सांगा, तुमच्या घरात कुणाला होतं?"

"धाकटीला यात ओढू नका. एकदा सांगितलं ना, आमच्याकडे कुणाला नाही."

"माझी अठ्ठाविसाव्या वर्षी गेली."

स्टुलाला वाचा फुटावी तसे सगळे दाराकडे वळले.

"अगं, तू कशाला मध्ये..."

"तुझ्या धाकटीसाठी. माझ्यासाठी बोलायचं तेव्हा नाही बोलले." आत्यानं आवाज चढवला नाही. चढवायला अंगात जोर लागतो, तो कधीच भांड्यांत गेला होता. "नवऱ्यानं दारात आणून सोडलं, तेव्हा तू म्हणालास, ही फार विचार करते म्हणून असं झालं. मी विचार करायचंही सोडलं, दादा. पाळी काही परत आली नाही."

मुलगी आत्याकडे बघत राहिली, आरशात बघावं तशी.

"या कोण?" डॉक्टरीणबाईंनी बापाला विचारलं.

तो हातातला ग्लास खाली ठेवायला गेला, तर ठेवता येईना. काच टेबलावर नुसती वाजत राहिली.

"त्या विचारतायत, दादा," आत्या म्हणाली. "तुमच्याकडे कुणाला नाही. मग मी कुणाकडची? सांग."