पहिला गिअर

बाबांना घरातलं कुणीच ओळखू येईनासं झालं होतं. पण संध्याकाळी त्यांच्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये मी स्टिअरिंगवर बसले आणि त्यांना शेजारी बसवलं की त्यांचा उजवा हात आपोआप गिअरवर जायचा. "गुंजन, क्लच दाब वं," म्हणत ते स्वतःच गिअर टाकायचे, मला शिकवताना टाकायचे तसे. तेवढा वेळ मी त्यांची मुलगी असायचे. गाडीला पाचवा गिअर हवा, हे त्यांचं जुनं वेड. म्हणून त्यांच्या वाढदिवसाला मी हिंगण्याच्या मिस्त्रीकडून जुना गिअरबॉक्स काढून पाच गिअरचा बसवून घेतला. आज त्यांनी सवयीने पहिला टाकला. त्या जागी आता रिव्हर्स होता. गाडी मागे गेली. मी त्यांचा हात धरून नव्या पहिल्यावर नेला. त्यांनी तो सोडवून घेतला. "मले घरी सोडता का, बाई? माझी गुंजन वाट पाहून राहिली असंल."