शेडमागची जागा

मेंढ्यांच्या त्या जुन्या फार्मवर मालकांचे कपडे धुण्यात डल्सीच्या आईनं जन्म काढला आणि तिथंच ती मातीआड झाली. साठ वर्षांनी डल्सी नातीबरोबर तिथं आली, तेव्हा लोकर कातरायच्या शेडचं जीवाश्मांचं संग्रहालय झालं होतं.

"मावशी, हा मासा दहा कोटी वर्षांपूर्वीचा," गाइड अभिमानानं म्हणाला. "दगडातून काढताना एकही काटा हरवू दिला नाही आम्ही!"

"छान केलंत रे बाळांनो. माझ्या आईला या शेडमागंच पुरलंय. जागा दाखवतोस?"

त्यानं वह्या चाळल्या, नकाशे उलगडले. मालकांच्या कबरींची नोंद होती, त्यांच्या कुत्र्याच्या कबरीचीसुद्धा. शेवटी तो चाचरत म्हणाला, "शेडमागं आता गाड्या लावतात, मावशी."

 

नातीनंही गाडी तिथंच लावली होती.