नावाची जागा

पाळकसाहेबांनी बाळाच्या डोक्यावर पाण्याची तिसरी ओंजळ घातली आणि मनात म्हटलं, आता एवढी प्रार्थना झाली की सुटलो.

साठी उलटलेले पाळकसाहेब, रत्नाकर साळवे, तासाभरापासून उभेच होते. गिंडीच्या त्या चर्चमध्ये सकाळभर तमिळ उपासना, मराठी माणसांच्या वाट्याला दुपारचे तीन. मद्रासचा मे महिना. डोक्यावरचा पंखा फिरतोय की नुसताच कुरकुरतोय, देव जाणे. समोर पंधरावीस माणसं, बहुतेक रेल्वेतली नाहीतर कारखान्यातली, घामानं निथळत बसलेली.

नव्यानं बाप्तिस्मा झालेल्यासाठीची ही प्रार्थना मात्र एकेकाळी त्यांच्या खास आवडीची. पुस्तकातली नव्हेच. नगरला असताना त्यांनी ती स्वतःच्या मुलाच्या, रविकांतच्या बाप्तिस्म्यासाठी रचली होती. पुढं शेकडो लेकरांवर म्हटली, फक्त नावाची जागा बदलायची. रविकांत आठ वर्षांपूर्वी घर सोडून गेला. "मी दोन महिन्यांचा होतो, बाबा. मला कुणी विचारलं होतं?" जाताना एवढंच बोलला. तेव्हापासून ना पत्र, ना पत्ता. ही प्रार्थना म्हणताना जीभ जड होते, हे पाळकसाहेबांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी ओल्या टाळूवर हात ठेवला, डोळे मिटले.

"प्रभू, हे लेकरू आता तुझं. चालून दमलं तर उचलून घे. वाट चुकलं तर रागावू नकोस, हाक मार. आमच्या रविकांतला..."

ते थांबले, पण निसटायचं ते निसटलं होतं. बाकांवर कुजबुज झाली. बाळ मुलगी होती. नाव हेमावती. बाळंतपणात जिनं सगळं केलं त्या वेस्ट मांबलमच्या घरमालकिणीचं नाव हौसेनं ठेवलेलं.

बाळाची आई विद्युलता कावरीबावरी झाली. दोन लेकरं मातीत घातल्यावर ही पदरात पडली होती. आता हे आमच्या मुलीला लागू झालं, का दुसऱ्याच कुणाला गेलं, असं तिनं दबक्या आवाजात विचारलं. पाळकसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. पुन्हा पहिल्यापासून म्हणतो, असं ते म्हणाले खरे, पण पहिला शब्दच ओठांवर येईना.

पहिल्या बाकावरून जयवंतीबाई, बाळाची आजी, काठी टेकत उठल्या. रविकांत कोण, म्हणून त्यांनी विचारलं.

"मुलगा माझा."

"कुठं असतो?"

"ठाऊक नाही."

म्हातारीनं सुनेच्या हातातलं बाळ आपल्याकडं घेतलं, खांद्यावर टाकलं. मग काठी बाकाला टेकवून तिथंच पाळकसाहेबांसमोर बसली.

"त्याच्यासाठी सुरू केलीत ना, ती आधी पुरी करा, पाळकसाहेब. आमची पोर आत्ता कुठं निघालीय. तिला दमायला अवकाश आहे."