जा, मिस्सा संपली

गाड्यांच्या कड्यातला तिसरा तंबू पेटला, तेव्हा आर्चबिशप तिवादार मिस्सेच्या उपासनेच्या शेवटाशी येऊन अडले होते. पूजावस्त्र त्यांनी चिलखतावरच चढवलं होतं. समोर दारूचं पिंप, त्यावर पांढरं कापड, त्यावर प्याला. मागे त्यांची उरलेली फौज चिखलात गुडघे टेकून बसली होती.

आता एकच ओळ उरली होती आणि ती विदने म्हणायची होती. विद त्यांचा भाचा, मिस्सेतला डीकन, म्हणजे मदतनीस पाद्री. लोकांना निरोप देणं हे त्याचं काम. तो म्हणणार, "जा, मिस्सा संपली." लोक म्हणणार, "देवाचे आभार." मग उठणार आणि पश्चिमेकडे धावत सुटणार.

तातारांनी तीन बाजूंनी वेढा घातला होता. पश्चिमेला मात्र कोणी नव्हतं. नुसतं गवत, आणि पेस्त शहराकडे जाणारा रस्ता.

"वाट मोकळी आहे, स्वामी," सरदार देर्श सकाळीच म्हणाला होता. "साखळीची खीळ काढू द्या."

"तू डुकराच्या शिकारीला गेलायस ना, देर्श? तीन बाजूंनी हाकारे ढोल बडवतात. चौथी बाजू गप्प असते. भाले तिथेच असतात."

"आम्ही डुकरं नाही, स्वामी."

"डुकरालाही तसंच वाटतं."

"इथे बसून भाजून निघायचं, त्यापेक्षा भाला बरा. गाड्या साखळीने जखडायचा हुकूम तुमचाच होता."

हुकूम त्यांचाच होता. तातार आत घुसू नयेत म्हणून दिलेला. राजाची फौज दुपारपर्यंत नदी ओलांडेल, असा निरोप होता. तोवर माणसं आत राहिली तर काही वाचणार होती. पण माणसं आता हुकूम ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. म्हणून ते एवढंच म्हणाले, "आधी मिस्सा."

त्याला कोणी नाही म्हणालं नाही. मिस्सेतून मधेच उठणाऱ्याचं डोकं भादरून त्याला चाबकाने फोडायचे, असा या देशाचा जुना कायदा. पणजोबांच्या पाठीवरचे वळ घराघरात सांगितले जायचे. निरोप मिळेपर्यंत उठायचं नाही, हे या लोकांच्या गुडघ्यांनाच ठाऊक होतं. देर्शही बसला, फक्त हातोडा त्याने मांडीवर ठेवला.

तिवादारांनी विदला डोळ्यांनी थांबवलं आणि संतांची नावं घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला मागून उत्तर येई, "आम्हांसाठी विनंती कर." आधी मोठे संत झाले, मग हुतात्मे, मग कुमारिका. जळते बाण पडत होते. एकाच्या खांद्यात बाण शिरला. शेजाऱ्याने तो गुडघ्यांवरूनच उपसला.

"आज स्वामी सगळा स्वर्ग उठवणार," मागे कोणी कुजबुजलं.

"उठवू दे की. खाली यायला एक तरी तयार होईल."

कोणी तरी हसलं. देर्शने मान वळवून त्याला गप्प केलं.

स्वर्गातली नावं संपली. तिवादारांनी नदीपलीकडे पाहिलं. राजाच्या फौजेची धूळ नव्हती. मग त्यांनी गावोगावच्या चॅपलांचे संत काढले, झऱ्याचा, पुलाचा, गुरांचा. तेही संपले. घसा सुकला होता, पण थांबून चालणार नव्हतं.

"पेतेन्ये," ते म्हणाले.

पेतेन्ये संत नव्हता. कालच्या लढाईत नदीच्या पुलावर पडलेला धनुर्धारी होता तो. मग देर्शचाच आवाज आला, घोगरा, "आम्हांसाठी विनंती कर." त्यामागून सगळ्यांचा.

"बुल्चू."

"आम्हांसाठी विनंती कर."

पुलावर पडलेले पुष्कळ होते. प्रत्येक नावाला कोणीतरी रडत होतं, पण कोणी उठत नव्हतं. तिवादारांना वाटलं, एवढ्यावर दुपार गाठता येईल. ते एकामागून एक नावं घेत राहिले. डोळे नदीपलीकडे, जीभ आपोआप चाललेली.

"ओपोर. चानाद. विद."

या वेळी उत्तर आलं नाही.

विद त्यांच्या उजव्या हाताला उभा होता.

"मामा," तो हळूच म्हणाला. "मी जिवंत आहे."

"ठाऊक आहे मला. जीभ घसरली."

"तुमच्या हिशेबी मी मेलोय. सगळेच मेलेत."

मागे माणसं एकमेकांकडे पाहत होती. देर्शने हातोड्याचा दांडा घट्ट धरला होता, पण गुडघे अजून जमिनीवरच होते. त्यांना फक्त ती एक ओळ हवी होती.

विद लोकांकडे वळला. तिवादारांनी त्याची बाही धरली. विदने एकेक बोट सोडवून ती सोडवून घेतली, पोरगं आईचं बोट सोडवतं तशी. मग त्याने गायलं. सूर एवढासाही हलला नाही.

"जा, मिस्सा संपली."

"देवाचे आभार!"

कुठल्याही कॅथेड्रलमध्ये तिवादारांनी हे उत्तर इतक्या मनापासून दिलेलं ऐकलं नव्हतं. हातोडा खिळीवर बसला. साखळी खाली पडली. माणसं एकमेकांना खेचत, ढकलत, काही चक्क हसत, पश्चिमेच्या गवतात शिरली. विद सगळ्यांच्या पुढे होता.

तिवादारांनी पूजावस्त्र उतरवलं, घडी घालून पिंपावर ठेवलं आणि घोडा मागितला. घोडा द्यायला कोणी उरलं नव्हतं. ते पायीच निघाले.

गाड्यांपाशी पोचले, तेव्हा तिन्ही बाजूंचे ढोल वाजू लागले.